दलिचंद शेठची बोनी

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता चुकणं अवघड. तरीही दलिचंद शेठची अभ्यासिका गाठेपर्यंत विधीनं वाटेत चार ठिकाणी विचारून घेतलं. एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, हे ती चोपड्याला बाबांच्या दुकानात शिकली होती. शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेली, तर तिनं तोंड उघडायच्या आतच त्यानं जिन्याकडे बोट केलं. हातात बॅग, पाठीला पुस्तकांचं ओझं. ही पोरगी कुठं चाललीय हे कुणीही ओळखलं असतं. तरी तिला ते आवडलं नाही. न विचारता उत्तर देणारा माणूस तिला कधीच आवडायचा नाही.

खाली शेठचं स्टेशनरीचं दुकान, वर लांबट खोली. प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या जागा, प्रत्येकीत एक टेबल, एक खुर्ची, एक ट्यूब. खिडकीत मोठा कूलर. त्याच्या ओल्या वाळ्याचा वास, वह्यांचा वास आणि कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास, हे तिन्ही एकत्र येऊन जिन्यातच भेटायचे.

दलिचंद शेठ साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, हळू बोलणारे. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कितवी वेळ?"

"पहिलीच."

"मग ये, बेटा. मी पहिल्या वेळेच्यांनाच जागा देतो. बोनीचं गिऱ्हाईक आणि पहिली परीक्षा, दोन्हीत बरकत असते."

बोनी म्हणजे सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. विधीला ते समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा, म्हणजे चोपड्याच्या बन्सीलाल जनरल स्टोअर्सचे बन्सीलाल, बोनीच्या गिऱ्हाईकाला कधी परत पाठवत नसत. त्याला हवी ती वस्तू नसली तर शेजारच्या दुकानातून आणून देत. बोनीचं नाणं कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकत. त्यामुळे शेठचं बोलणं तिला घरच्यासारखं वाटलं, आणि घरच्यासारखं वाटलं म्हणूनच ती सावध झाली.

बाबांनी एकदाच बसायची परवानगी दिली होती. राज्यसेवेची परीक्षा एकदा, फक्त एकदा. नाही जमलं तर दुकान. विधीला ते अधिकारीपद मनापासून हवं होतं, आणि गाडीसाठी किंवा मानासाठी हवं नव्हतं. दुकानात एखादा सरकारी माणूस आला की बाबा गल्ल्यामागून उठून उभे राहायचे. मापं तपासायला आलेला साधा शिपाई असला तरी. लहानपणापासून तिला ते बघवायचं नाही. घरात एक अधिकारी झाला की बाबा बसून राहतील, असं तिनं मनाशी धरलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

अभ्यासिकेत तिच्या डाव्या हाताला कामिनी बसायची. फैजपूरकडची, केळीवाल्यांच्या घरची, गोरी, भरलेल्या अंगाची. उजव्या हाताला भटू. हा शिरपूरच्या पुढचा, पार सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. पहिल्या दिवशी त्यानं आडोशावरून डोकं वर काढलं.

"कोनता गावनी शे वं तू?"

"चोपडा."

"पहिलाच ना?"

"हो. तुमचा?"

"मना बी पहिलाच शे," भटू म्हणाला. "आठे बठ्ठासना पहिलाच शे."

विधीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. कानशिलावर कलप लावल्याची काळी रेघ, जाड चष्मा, पेन धरायच्या बोटावर सुपारीएवढा घट्टा. सगळ्यांचा पहिलाच म्हणे! स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये प्रयत्न लपवायची रीत असते, हे तिला ऐकून ठाऊक होतं. लग्नाच्या बाजारात वय लपवतात तसं. चौथ्यांदा बसणारा दुसऱ्यांदा सांगतो, दुसऱ्यांदा बसणारा पहिल्यांदा. पण इतकं धडधडीत?

कामिनीही तशीच. सराव प्रश्नपत्रिका आली की ती प्रश्न पुरता वाचतही नसे. दोन शब्दांवर नजर फिरवायची आणि गोल काळा करायची. विधीनं एकदा विचारलं, "कुठं क्लास केलास?"

"कुठं नाही गं. पहिलंच वर्ष माझं. येतंय आपलं सुचत."

"न वाचता सुचतं?"

कामिनी हसली. "तुला नाही का सुचत?"

सुचायचं. खरं तर विधीलाही सुचायचं, पण ती त्याला अभ्यास म्हणायची. सराव परीक्षेत तिचे मार्क कामिनीच्या वर गेले तेव्हा कामिनीला काहीच वाटलं नाही, हे तिला खुपलं. हरल्यावर राग न येणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर त्याच्या हातात दुसरा पत्ता असतो. कामिनी संत नव्हती, डब्यातलं भरीत ती कुणालाही देत नसे. कुठंतरी पाणी मुरत होतं.

ऊन वाढलं. धुळ्याचं ऊन बंद खिडकीतूनही आत येऊन बसतं. दुपारी रस्ते ओस पडायचे, कूलर धापा टाकायचा, आणि खोलीतली सगळी डोकी पुस्तकावर वाकलेली असायची. विधीला अक्षरं जरा लांब धरल्याशिवाय नीट दिसेनात. ट्यूब जुनी असावी. जिना चढताना गुडघा कुरकुर करायचा. पायऱ्या उंच होत्या. एकदा खाली उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी असताना मागून कॉलेजची एक मुलगी म्हणाली, "काकू, जरा सरकता का?" काकू कोण ते बघायला विधीनं मागं वळून पाहिलं. मागं त्या मुलीशिवाय कुणी नव्हतं. आजकालच्या पोरींना रीतभात नाही, असं म्हणत ती सरकली.

आई रविवारी फोन करायची. "जेवतेस ना?" एवढंच विचारायची. मग फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू यायचा, रडताना येतो तसा. विधी विचारायची, "काय झालं? घरी काही लपवताय का?" आई म्हणायची, "नाही गं. तू अभ्यास कर." मागून एखाद्या बाईचा आवाज यायचा, भांड्यांचा आवाज यायचा. कोण आलंय म्हटलं की आई फोन ठेवून द्यायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एका दुपारी जिन्याच्या तळाशी एक बाई भेटली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा. उन्हातून चालत आल्यानं चेहरा तांबडा झालेला.

"कुंदनना बाप वर शेतस का?" तिनं विचारलं.

"कोण कुंदन?"

"मनी पोर." बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं. शेवटी तिनं खुणेनं सांगितलं: चष्मा, बसायची जागा, पेन धरायची तऱ्हा. तेव्हा विधीच्या ध्यानात आलं. भटू.

"वर या ना तुम्हीच."

"नको, माय. माले वयखत नहीं त्या." तिनं डबा विधीच्या हातात दिला. "हाई दी दे. आनि सांगजो, कुंदननं लगीन ठरनं. आखाजीले हळद शे."

नवरा आपल्याला ओळखत नाही म्हणे. विधी डबा घेऊन वर गेली. तिला संताप आला होता. बायकोपोर गावाला टाकून हा इथं पहिल्या प्रयत्नाचा कोवळा पोर बनून बसला होता. तिनं डबा त्याच्या टेबलावर आपटला.

"तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय. आखाजीला हळद आहे. बाई खाली उन्हात उभ्या आहेत."

भटूनं वर पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा विधी ओळखायची. गिऱ्हाईक फाटकी नोट घडी घालून देतं तेव्हा त्याची नजर नोटेवर नसते. भटूची नजर सरळ तिच्यावर होती. तो आधी गोंधळला, मग हसला.

"मनं लगीनच अजून कोठे व्हयनं, ताई?"

त्यानं डबा उघडला. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी, वर ठेचा. त्यानं तुकडा तोडून तोंडात घातला आणि डोळे मिटले. "मायना हातनी शे," तो म्हणाला. "माय धाडी देस दर आठवडाले."

कामिनी आडोशामागून हळूच म्हणाली, "राहू दे गं, विधी. पहिलंच वर्ष आहे त्याचं."

विधी धावत खाली गेली. बाई अजून तिथंच होती, दुकानाच्या सावलीत. सुगंधाबाई तिचं नाव. विधीनं तिला माठातलं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "ते कितव्यांदा बसताहेत परीक्षेला?"

"दर साल पहिलाच ऱ्हास त्यासना."

"म्हणजे?"

सुगंधाबाईनं पाणी संपवलं, पदरानं तोंड पुसलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सांगून सांगून झिजलेली गोष्ट ती पुन्हा एकदा सांगत होती. "पेपर दी येतस. घर येतस, झोपी जातस. सकायले उठनात का म्हंतस, माले धुयाले जानं शे, एकदाव बसू द्या. डॉक्टर व्हयना, देव व्हयना. नको म्हनं तं जेवन सोडी देतस. मंग आम्हीच पिशवी भरी देतस."

"आणि वर बसलेले बाकीचे?"

सुगंधाबाईनं पुढं होऊन तिच्या गालावरून हात फिरवला. हात खरखरीत होता, आणि विनाकारण मायेचा. "शेठ इचारी तं पहिलाच म्हनू नको, माय," एवढंच ती बोलली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेली.

विधी वर येऊन बसली. पुस्तक उघडं होतं, पण तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिनं दुकानदाराच्या डोक्यानं हिशेब मांडला. एक: भटूनं बायकोला टाकलंय आणि वेडाचं सोंग घेतलंय. दोन: तो खरंच भ्रमिष्ट आहे. तीन, आणि हे तिला सगळ्यात पटलं: हे सगळे जुने खेळाडू आहेत, आणि नव्या पोरांना घाबरवून पळवून लावायचा यांचा डाव आहे. तेवढीच स्पर्धा कमी. सुगंधाबाईचा हात मात्र या हिशेबात कुठं बसत नव्हता. तो तिनं बाजूला ठेवला.

तिनं ठरवलं: शेठनं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. घाबरून नव्हे, त्यांना काय हवंय ते बघण्यासाठी.

परीक्षेच्या सकाळी सगळे खाली जमले. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आत उदबत्ती जळत होती. शेठ उंबऱ्यात उभे होते, हातात काळ्या बॉलपेनांचा खोका. परीक्षेच्या दिवशी त्यांची बोनी पोरांच्या हातून व्हायची, ही तिथली रीत. एकेकानं एक पेन घ्यायचं, नाणं द्यायचं आणि सेंटरला निघायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

भटू पुढं झाला.

"कितवी वेळ, बेटा?"

"पहिलीच, शेठ."

शेठनं पेन कपाळाला लावून दिलं. मग कामिनी. तिनंही तेच सांगितलं, तेच घेतलं. मग आणखी एक, आणखी एक. गल्लीत अजून उन्हाची तिरीप यायची होती. कुणीतरी सडा मारत होतं. सगळं इतकं साधं होतं की विधीला स्वतःच्या संशयाची लाज वाटू लागली.

तिची पाळी आली.

"कितवी वेळ, बेटा?"

विधी बोलली नाही. तिच्या बॅगेत दोन पेनं होती, तिला हे नको होतं. शेठचा हात पेनासकट पुढं आलेला तसाच राहिला. मागं कुणीतरी खाकरलं. कामिनीनं मान खाली घातली. भटू तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडाची हालचाल होत होती, लहान मुलाला घास भरवताना आईच्या तोंडाची होते तशी.

शेठनं दुसऱ्या हातातला खोका छातीशी घट्ट धरला. विधीला ते दिसलं. हा माणूस घाबरला होता. तिला नव्हे. ती काय उत्तर देईल, याला.

"बोल ना," ते अगदी हळू म्हणाले. "बोनी आहे, बेटा."

तिथंच ती अडकली. लहान असताना एकदा एका गिऱ्हाईकानं बाबांची बोनी मोडली होती. वस्तू हातात घेऊन परत ठेवली आणि निघून गेला. बाबा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. दुकानदाराची पोर सगळं करेल, पण उंबऱ्यात उभं राहून दुसऱ्याची बोनी मोडणार नाही. ते तिच्या हाडात होतं. आणि शेवटी खरं बोलण्यात भीती कसली? तिची पहिलीच वेळ तर होती.

"पहिलीच," ती म्हणाली.

शेठनं डोळे मिटून पेन कपाळाला लावलं. दिलं. तिच्या डोळ्यांत मात्र पाहिलं नाही.

सेंटरवर पर्यवेक्षिकेनं तिचं ओळखपत्र हातात घेतलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्राकडे पाहिलं. "फोटो बराच जुना दिसतोय."

"नाही हो. आत्ताचाच आहे."

बाईनं सही केली.

दोन्ही पेपर सोपे गेले. प्रश्न वाचायच्या आत उत्तर सुचत होतं. पेन छान चालत होतं.

संध्याकाळी तिनं अमळनेरवरून चोपड्याची गाडी पकडली. खिडकीतून गरम वारा येत होता. झालं एकदाचं, असं तिच्या मनात आलं. तापीच्या पुलावर तिचा डोळा लागला. घरी कधी पोहोचली, कुणी दार उघडलं, काय जेवली, काही कळलं नाही, इतकी ती दमली होती.

सकाळी तिला लवकर जाग आली. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ. कितीतरी दिवस मनात घोळत असलेलं आज बाबांना विचारून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

बाबा ओसरीवर बसले होते. ते तिला वाळल्यासारखे वाटले. हातात काठी होती. पाय मुरगळला असेल. धाकटा भाऊ श्रेयांस शेजारी उभा होता. त्याच्या कानशिलावर पांढरं काहीतरी लागलं होतं, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शोभत नाही असं पोट सुटलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला राज्यसेवेची परीक्षा द्यायची आहे. धुळ्याला राहून अभ्यास करीन. एकदाच बसू द्या. नाही जमलं तर दुकानात बसेन, शब्द आहे माझा."

तिला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. निदान कशाला म्हणून विचारतील.

बाबांनी श्रेयांसकडे पाहिलं. श्रेयांसनं मान हलवली.

"जा, बेटा," बाबा म्हणाले. "एकदाच ना. जा."

इतक्या सहज? विधी सावध झाली. स्वयंपाकघरातून एक बाई बाहेर आली. विधीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र, हातात आईच्या सोन्याच्या बांगड्या. आईच्या बांगड्या हिच्याकडे कशा? आई मागं दाराशी उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

"दीदी," ती बाई म्हणाली, "थेपले बांधलेत. गरमच आहेत, दुपारपर्यंत टिकतील."

विधीनं अजून कुणाला कधी निघणार ते सांगितलं नव्हतं.

तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. कुणीच नजर देईना. या घरात तिच्यापासून काहीतरी लपवलं जात होतं, तिला फसवणं इतकं सोपं नव्हतं. परीक्षा होऊ दे एकदाची, मग परत येऊन छडा लावते, असं मनाशी म्हणत ती बाबांच्या पाया पडली आणि दाराकडे वळली.

बॅग भरून तयार होती. उंबऱ्याबाहेर तिच्या चपला कुणीतरी आधीच ठेवून दिल्या होत्या, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून.